विमानाचं श्रेय: राइट दोघं की माणसं तीन?

उद्यमनगरी फिटर

राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाचा, १७ डिसेंबर १९०३ चा अमेरिकेतल्या किल डेव्हिल हिल्सचा तो फोटो सगळ्यांनी पाहिलाय. ऑर्व्हिल खालच्या पंखावर पालथा, विल्बर उजवीकडे धावता धावता थबकलेला, वाळूवर ६० फुटांचा लाकडी रूळ. १२ सेकंद, १२० फूट. विमानावरचं इंजिन ज्यानं घडवलं तो माणूस मात्र फोटोत नाही. राइटांचा मेकॅनिक चार्ली टेलर त्या दिवशी त्यांच्या गावी, डेटनला, त्यांचं सायकलचं दुकान सांभाळत होता. माझा मुद्दा सरळ आहे: पहिल्या यांत्रिक उड्डाणाचं श्रेय तिघांचं आहे आणि आपण ते दोघांत वाटतो.

आता कामाचं माप घ्या. १९०२ संपता संपता राइटांनी मोटारवाल्यांना पत्रं घातली: ८ अश्वशक्ती, वजन २०० पौंडांच्या आत, थरथर कमी. त्यांच्या अटीत बसणारं इंजिन कुणी दिलं नाही. टेलरनं ते सहा आठवड्यांत उभं केलं. हत्यारं काय, तर एक लेथ आणि एक ड्रिल प्रेस. नीट ड्रॉइंग नव्हतं. एकेका भागाचं कच्चं चित्र कागदावर काढायचं आणि बाकासमोर टोचून ठेवायचं, एवढंच.

क्रँकशाफ्टचंच बघा. फोर्जिंग नाही. ३१ इंच लांब, ६ इंच रुंद, १ इंच ५ सूत जाड पोलादी पट्टी घेतली. तिच्यावर क्रँकचा आकार आखला, आखलेल्या रेषेबाहेरून भोकांची रांग पाडली, मधला माल छिन्नी-हातोड्यानं उडवला आणि उरलेलं धड लेथवर चढवला. पट्टीचं वजन हिशेबानं साधारण ८५ पौंड भरतं. तयार क्रँक १९ पौंड. म्हणजे तीन चतुर्थांशाहून जास्त पोलादाचा बुरा झाला. चार थ्रोचा (चार बाकांचा) क्रँक मूळ अक्षाबाहेर धरून टर्न करायचा म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या उद्यमनगरात वेगळं सांगायला नको. पट्टीतला अंतर्गत ताण सुटला की जॉब वाकतो, मग सरळ करा, पुन्हा फिरवा. त्यानं हे टेलस्टॉकच्या लेथवर केलं आणि बॅलन्सही साधला.

पगार? तासाला ३० सेंट.

कळंब्याचा वारा

फिटरभाऊ, क्रँकबद्दल दुमत नाही. पण इंजिन चांगलं म्हणून विमान उडालं, हे कुठून काढलंत? ते इंजिन त्या काळाच्या मानानंही सामान्यच होतं. बोअर ४ इंच, स्ट्रोक ४ इंच, चार सिलिंडर, २०१ घन इंच. कार्ब्युरेटर नाही, पेट्रोल ठिबकत एका उथळ कप्प्यात पडायचं आणि बॉडीच्या उष्णतेनं त्याची वाफ व्हायची. थ्रॉटल नाही. इनलेट व्हॉल्व्हला कॅम नाही, पिस्टनच्या ओढीनं उघडायचा. पाण्याचं जॅकेट सिलिंडरच्या अंगाला होतं, डोक्याला नव्हतं. म्हणून थंड असताना १६ अश्वशक्ती आणि मिनिट-दोन मिनिटांत डोकं तापलं की १२.

आता शेजारचा माणूस बघा. त्याच वेळी विमान उडवायच्या खटपटीत असलेल्या लँग्लीच्या यंत्रावर चार्ल्स मॅनलीचं पाच सिलिंडरचं रेडियल इंजिन होतं. ५२ अश्वशक्ती, सगळ्या सरंजामासकट वजन २०७ पौंडांच्या आसपास. म्हणजे अश्वशक्तीमागे ४ पौंड. टेलरचं १५ च्या घरात. तरी ७ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबर १९०३ ला लँग्लीचं यंत्र दोन्ही वेळा हाउसबोटीवरून सुटलं आणि थेट पोटोमॅक नदीत. सरकारचे ५०,००० डॉलर त्याबरोबर गेले. इंजिननं प्रश्न सुटणार असता तर नऊ दिवस आधीच सुटला असता.

खरा डाव पंख्यात, म्हणजे प्रोपेलरमध्ये होता. हिशेब मांडतो. पहिल्या उड्डाणात जमिनीवरचा वेग सेकंदाला १० फूट, म्हणजे ताशी ७ मैल. समोरून वारा ताशी २७ धरा. हवेतला वेग ३४ मैल, सेकंदाला ५० फूट. राइटांच्या गणितात ९० पौंड रेटा लागत होता. ९० गुणिले ५० म्हणजे ४५००. ५५० ने भागा, ८.२ अश्वशक्ती. इंजिन देतंय १२. त्यांच्या साडेआठ फुटी पंख्यांची कार्यक्षमता आजच्या चाचण्यांत ७५ टक्क्यांच्या आसपास निघाली. १२ चे ९ उरले. चेनमधला तोटा धरून जेमतेम भागतं. त्या काळच्या पंख्यांसारखी ५० टक्के असती तर हातात ६ राहिले असते आणि विमान रुळाच्या टोकाला वाळूत बसलं असतं.

पंखा म्हणजे फिरणारा विमानाचा पंखच, हे ओळखून पात्याच्या मुळापासून टोकापर्यंत प्रत्येक ठिकाणचा कोन वेगळा काढायचा. हे कुणी केलं? विल्बर आणि ऑर्व्हिल. टेलर नाही.

शिरोली कास्टिंग

दोघंही लेथ आणि पंख्यातच अडकलात. ओतारी कुठं गेला?

इंजिनची बॉडी अॅल्युमिनियमची. डेटनच्याच एका फाउंड्रीत ओतली. आठ टक्के तांबं, बाकी अॅल्युमिनियम. क्रँककेस, सिलिंडरच्या बाहेरचं पाण्याचं जॅकेट, बेअरिंगच्या बैठका सगळं एका ओतात. आत बिडाचे सिलिंडर आटे पाडून बसवलेले. ही एकसंध कास्टिंग काढायची म्हणजे कोअर (पोकळी राखणारा साच्यातला गाभा) सरकता कामा नये, नाहीतर जॅकेटची भिंत एका बाजूला पातळ पडते आणि पाणी झिरपतं. अॅल्युमिनियम आकसतंही बिडापेक्षा जास्त, साधारण सव्वा टक्का. जाड बैठक आणि पातळ भिंत जिथं मिळतात तिथं रायझर (आकसताना जादा धातू पुरवणारी वाट) नीट नसेल तर पोकळी राहणार किंवा गरम असतानाच तडा जाणार. शिरोलीत आजही अशा जॉबला पहिल्या खेपेला रिजेक्शन ठरलेलं असतं.

आणि गंमत पुढं आहे. १९९० च्या दशकात धातुतज्ज्ञांनी त्या मूळ क्रँककेसचा तुकडा तपासला. त्यात तांब्याचे अतिसूक्ष्म कण तयार होऊन धातू कडक झालेला निघाला. कडक करायची ही रीत जर्मनीत आल्फ्रेड विल्मनं शोधली ती १९०६ नंतर. इथं साचा सावकाश थंड होताना ते आपसूक घडलं. हलकं आणि दणकट इंजिन मिळालं त्यात या योगायोगाचाही वाटा. श्रेय कुणाला देता? ओताऱ्याला ठाऊक नव्हतं, टेलरला ठाऊक नव्हतं, राइटांनाही नाही.

उद्यमनगरी फिटर

शिरोलीकर, हा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. पहिली बॉडी फेब्रुवारी १९०३ मध्ये चाचणीतच गेली: ठिबकणारं पेट्रोल बेअरिंगवर उतरलं, वंगण धुतलं, बेअरिंग धरलं आणि बॉडी तडकली. पुन्हा ओतली, पुन्हा मशीन केली, पुन्हा जोडली. हे सगळं करणारा तिसरा माणूस होताच ना? वारासाहेब, तुमचं ८.२ चं गणित कागदावर झकास आहे. पण ते १२ कुठून आले?

रंकाळा चौपाटी

सगळे डेटन नि पोटोमॅक करताय, गिरगाव चौपाटीचं कुणी नाव काढेना. शिवकर बापूजी तळपदे. १८९५. मरुत्सखा. राइटांच्या आठ वर्षं आधी, माणूस न बसवता उडवलेलं यान, १५०० फुटांपर्यंत गेलं आणि खाली आलं. न्यायमूर्ती रानडे, सयाजीराव गायकवाड हजर होते असं सांगतात. इंग्रजांच्या राज्यात मुंबईच्या माणसाला कोण प्रसिद्धी देणार होतं? लँग्लीचं १८९६ चं माणसाविना उडालेलं यंत्र पुस्तकात येतं, तळपद्यांचं नाही. हा न्याय कुठला?

पंचगंगा घाट

चौपाटीराव, तुलना तुम्हीच काढलीत ती बरं झालं. ६ मे १८९६. लँग्लीचं पाच नंबरचं यंत्र: वाफेचं इंजिन, पंखांचा पसारा जेमतेम १४ फूट, वजन ३० पौंडांच्या आत. ३,००० फुटांहून जास्त गेलं. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल तिथं होते आणि त्यांनी फोटो काढला. यंत्र शिल्लक आहे, मोजून बघता येतं.

मरुत्सखाचं काय आहे? पसारा किती, वजन किती, शक्ती कुठली, रेटा कशानं, एकही आकडा नाही. पाऱ्यावर चालायचं म्हणतात. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड आणि उकळायला ३५७ अंश सेल्सियस लागतात. बॉयलर, भट्टी, तो पारा आणि वर सांगाडा, हे सगळं उचलायला पंख किती चौरस फूट हवा याचं गणित कुणीतरी मांडावं. केसरीत बातमी आली होती असं प्रत्येक लेखात असतं, पण त्या अंकाचं कात्रण कुठल्याही लेखासोबत नसतं. टिळकांचा केसरी इंग्रजांना घाबरून बातमी दाबणारा नव्हता, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको.

राहिला तळपद्यांच्या बाजूनं दिला जाणारा 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचा आधार. तो ग्रंथ सुब्बराय शास्त्रींनी १९१८ ते १९२३ च्या दरम्यान सांगून लिहवला. १९७४ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी तो तपासला. शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर ही चारही विमानं उडण्याजोगी नाहीत आणि भाषा-संदर्भ बघता ग्रंथ विसाव्या शतकातला, असा त्यांचा निष्कर्ष.

तळपद्यांनी प्रयत्न केलाच नाही असं मी म्हणत नाही. १८९५ मध्ये या वाटेला जाणारा मराठी माणूस म्हणून त्यांचं नाव घ्यावंच. पण प्रयत्नाचं श्रेय वेगळं आणि उड्डाणाचं वेगळं.

रंकाळा चौपाटी

पुरावा नाही म्हणजे घडलं नाही असं होत नाही.

पंचगंगा घाट

नाही होत. पण मग तो न्याय सगळ्यांना लावा. कनेक्टिकटच्या गुस्ताव्ह व्हाइटहेडला १४ ऑगस्ट १९०१ ची तारीख द्या. त्याच्याकडे निदान चार दिवसांनी छापलेली वर्तमानपत्रातली बातमी आहे, आणि २०१३ मध्ये त्याच्या राज्यानं कायदा करून त्याला पहिला मान दिलाय. न्यूझीलंडच्या रिचर्ड पिअर्सला १९०३ चा मार्च द्या. फ्रान्सच्या क्लेमाँ आदेरला ९ ऑक्टोबर १८९० द्या, तो ५० मीटर गेला होता, जमिनीपासून वीतभर वर. या रांगेत तळपदे पहिले येत नाहीत, आदेर येतो.

खासबाग

आदेर सोडा. ज्याला खरोखर मान द्यायला हवा तो आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ. १२ नोव्हेंबर १९०६, पॅरिसचं बागातेल मैदान. २२० मीटर, २१ सेकंद. हजारोंच्या गर्दीसमोर, अधिकृत पंचांच्या मापानं. चाकांवर धावत सुटला आणि स्वतःच्या बळावर उचलला. रूळ नाही, वादळी वारा नाही.

राइटांचं बघा. १९०३ ला समोरून २७ मैलांचा वारा. १९०४ पासून तर मनोऱ्यावरून वजन खाली टाकून दोरीनं विमान पुढं खेचायचं. कुस्ती आखाड्यात, पंचासमोर, डोळ्यांदेखत व्हावी लागते. घरामागच्या शेतात मी अमक्याला चीत केलं, असं पाच वर्षांनी सांगून गदा मिळत नाही. १९०८ च्या ऑगस्टपर्यंत युरोपात कुणी त्यांना उडताना पाहिलंच नव्हतं.

कळंब्याचा वारा

खासबागवाले, आखाडा मान्य. डाव तरी बघा.

सांतोसचं १४-बिस विमान सरळ रेषेत गेलं आणि उतरलं. वळलं नाही. त्याच सुमारास राइट कुठं होते? ५ ऑक्टोबर १९०५, डेटनजवळचं हफमन प्रेरी मैदान. २४ मैल, ३९ मिनिटं, शेताभोवती घिरट्या घालत, पेट्रोल संपेपर्यंत. सांतोसच्या तेरा महिने आधी. आणि साक्षीदार नव्हते हेही खरं नाही. २० सप्टेंबर १९०४ ला त्यांनी पहिलं पूर्ण वर्तुळ घेतलं ते एमोस रूट नावाच्या गृहस्थानं डोळ्यांनी पाहिलं आणि जानेवारी १९०५ मध्ये छापलं. फक्त ते छापलं मधमाशीपालनाच्या मासिकात, त्यामुळे विद्वानांच्या नजरेला पडलं नाही.

मनोऱ्याचा आक्षेप १९०३ ला लागू होत नाही. तेव्हा मनोरा नव्हताच, सपाटीवर टाकलेला रूळ होता. वाऱ्याचं म्हणाल तर वाऱ्यानं सुटायला मदत झाली, टिकायला नाही. हवेतून मोजलं तर ते १२० फूट ५०० च्या वर जातात. आणि त्याच दिवशीचं चौथं उड्डाण कुणी सांगत नाही: विल्बर, ५९ सेकंद, ८५२ फूट.

आता श्रेयाचं मूळ. विमान उडवणं अवघड नव्हतं, ते हवेत सरळ ठेवणं अवघड होतं. जर्मनीचा लिलियेंथाल दोनेक हजार वेळा ग्लायडरनं तरंगला, पण शरीर इकडंतिकडं झुकवून तोल सांभाळायचा. ९ ऑगस्ट १८९६ ला झोतानं नाक वर गेलं, त्याचं वजन कमी पडलं, पडला, दुसऱ्या दिवशी गेला.

राइटांनी पंखच पिळायची युक्ती काढली. एका बाजूचा कोन वाढवा, दुसऱ्या बाजूचा कमी करा, विमान कलतं. सोपं वाटतं. पण ज्या पंखाचा कोन वाढतो त्याला उचल जास्त मिळते तसा हवेचा अडथळाही जास्त होतो. मग तो पंख मागे राहतो आणि नाक उलट्या बाजूला वळतं. १९०२ च्या ग्लायडरला त्यांनी मागे दोन स्थिर उभी शेपटं लावली, तर दुखणं वाढलं: विमान खाली कललेल्या बाजूला घसरलं की शेपटावर बाजूनं हवा आदळायची, खालचा पंख आणखी मागे पडायचा आणि यंत्र भोवऱ्यासारखं फिरत वाळूत घुसायचं. ऑक्टोबर १९०२ मध्ये ऑर्व्हिलनं शेपूट हलतं करायचं सुचवलं, विल्बरनं त्याची तार पंख पिळणाऱ्या, कमरेखालच्या सरकत्या खोगिरालाच जोडली. तिथं विमान जन्मलं. तेव्हा त्यावर इंजिन नव्हतं.

आणि फिटरभाऊ, हा घ्या तुमच्यासाठी: पेटंटचा अर्ज २३ मार्च १९०३ चा. पहिल्या उड्डाणाच्या नऊ महिने आधी. नंबर ८२१३९३, मिळालं २२ मे १९०६ ला. त्यात काढलेलं यंत्र ग्लायडर आहे. इंजिन नाही, टेलर नाही.

पंचगंगा घाट

पेटंटचं नाव काढलंत म्हणून दुसरी बाजूही येऊ द्या. पंखाच्या टोकाला बिजागरीचं फळकूट लावून विमान कलवायची कल्पना इंग्लंडमध्ये मॅथ्यू बोल्टननं १८६८ मध्येच पेटंट केली होती. अमेरिकेतला विमानकार ग्लेन कर्टिस यानं तशीच फळकुटं वापरली, तरी राइटांनी १९०९ पासून त्याला कोर्टात खेचलं आणि १९१४ च्या जानेवारीत अपिलात जिंकले. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा तिच्या वैमानिकांना लढायला बहुतांशी फ्रेंच विमानं घ्यावी लागली. १९१७ मध्ये सरकारनं दबाव आणून सगळी पेटंटं एका सामाईक पेटीत टाकली, तेव्हा भांडण मिटलं. कल्पनेचं श्रेय मिळालं म्हणजे ती कल्पना दुसऱ्यानं वापरूच नये, हा हट्ट विमानविद्येला महाग पडला.

आणि श्रेय करारानंही ठरतं. लँग्ली स्मिथसोनियन संस्थेचा प्रमुख होता. १९१४ मध्ये त्या संस्थेनं लँग्लीचं बुडालेलं यंत्र कर्टिसकडून दुरुस्त करून घेतलं. दुरुस्ती म्हणजे पंखाचा आकार, आधाराच्या तारा, पंखे, खाली तरंगणारे फ्लोट, बरंच काही बदललं. ते थोडं उडालं. मग संग्रहालयात पाटी लावली की माणसाला घेऊन उडू शकणारं हेच पहिलं यंत्र. ऑर्व्हिल इतका चिडला की १९२८ मध्ये मूळ फ्लायर, म्हणजे १९०३ चं ते विमान, त्यानं लंडनच्या सायन्स म्युझियमला धाडलं. स्मिथसोनियननं १९४२ मध्ये कबुली दिली आणि १९४८ मध्ये फ्लायर परत आलं, एका डॉलरला. पण वारसांच्या करारात कलम आहे: याआधीचं कुठलंही विमान माणसाला घेऊन नियंत्रित उडू शकत होतं असं संस्थेनं लिहिलं, तर फ्लायर परत द्यावं लागेल. माझ्या मते राइटांचा दावा खरा आहे. तरीही असं कलम असलेल्या संस्थेची पाटी पुरावा म्हणून धरू नये. वर्तमानपत्रं, डायऱ्या, फोटो धरा.

शिरोली कास्टिंग

राइटांच्या आधीच्यांचं देणं कुणी मोजत नाहीये. दुमजली पंख आणि तारांचा तिरपा ताण हा ऑक्टेव्ह शानूटच्या १८९६ च्या ग्लायडरवरून आला, आणि त्यानं तो पुलाच्या कैचीवरून उचलला. उचलीचे तक्ते लिलियेंथालचे. १९०१ चं ग्लायडर हिशेबाच्या एक तृतीयांशच उचलत होतं तेव्हा चूक निघाली ती हवेच्या दाबाचा हिशेब करायला दीडशे वर्षं वापरातल्या ०.००५ या गुणकात, खरा ०.००३३ च्या जवळ. तो कमी आहे हे लँग्लीनंही मोजून ठेवलं होतं.

कळंब्याचा वारा

बरोबर. पण वाचून सोडून देणं आणि सहा फुटी लाकडी बोगद्यात हवा सोडून दोनशेच्या आसपास नमुने करवतीच्या पात्यावरच्या तराजूनं मोजणं, यात फरक आहे.

उद्यमनगरी फिटर

तो बोगदा बांधला तेव्हा दुकान कोण चालवत होतं? जाऊ दे.

गावातलं उदाहरण देतो. खरी कॉर्नरला कॅमेरा स्तंभ आहे. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात मूव्ही कॅमेरा बनवला. सुरुवात नात्यातले भाऊ आनंदराव यांच्याबरोबर. आनंदराव १९१६ मध्ये गेले. पुढं कॅमेरा पुरा झाला तो विष्णुपंत दामल्यांच्या हातानं. फिल्म फ्रेममागून फ्रेम खेचायची, खेचताना शटर बंद, थांबली की उघडं, आणि पंजा भोकात अचूक शिरला पाहिजे, नाहीतर चित्र थरथरतं. ही कसरत यंत्रात उतरवणारा कारागीर नसता तर बाबूरावांच्या डोक्यातला सिनेमा डोक्यातच राहिला असता. म्हणून कोल्हापुरात दामल्यांचं नाव घेतलं जातं. तोच न्याय टेलरला लावा म्हणतो मी. खासबागवाल्यांनाही सांगतो, सांतोसच्या यंत्रावरचं ५० अश्वशक्तीचं आंत्वानेत इंजिन लिऑं लेव्हाव्हासरचं होतं. त्याचं नाव बागातेलच्या गर्दीत कुणाला ठाऊक होतं?

खासबाग

हे मात्र पटलं. लेव्हाव्हासर माझ्या यादीत.

कळंब्याचा वारा

दामल्यांची तुलना लागू पडत नाही. कॅमेऱ्यात यंत्रणा म्हणजेच शोध. फ्लायरमध्ये इंजिन बदलता आलं असतं. नियंत्रण बदललं असतं तर विमान राहिलं नसतं. १९०४ आणि १९०५ ला इंजिन सुधारत गेलं, तरी १९०५ पर्यंत विमान वळणात घसरत होतं. ते दुखणं पुढचा एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा पंख) मोठा करून आणि लांब सरकवून, शेपटाचा ताबा वेगळा करून गेलं. अश्वशक्तीनं गेलं नाही.

आणि कारागिरीचंच मोजायचं तर तिची दुसरी बाजूही मोजा. पंख्यांचे शाफ्ट डेटनच्याच दुकानातले, नळीचे. नोव्हेंबर १९०३ मध्ये किल डेव्हिल हिल्सशेजारच्या किटी हॉकला चाचणी घेताना ते गेले. डेटनला धाडले, जाड करून आले. २८ नोव्हेंबरला पुन्हा तडा. शेवटी ऑर्व्हिल स्वतः डेटनला गेला, भरीव स्प्रिंग स्टीलचे शाफ्ट करून ११ डिसेंबरला परत आला. मधल्या काळात लँग्ली दुसऱ्यांदा बुडाला म्हणून बरं, नाहीतर या शाफ्टपायी श्रेय गेलं असतं.

उद्यमनगरी फिटर

शाफ्ट का गेले तेही सांगा की. इंजिन थोडं मिसफायर झालं की चेनला हिसका बसायचा, फ्लायव्हील हलकं, मध्ये झटका खाणारं काही नाही. तो हिसका सरळ नळीत पिळ्यासारखा जायचा आणि जोडापाशी तडा. स्प्रॉकेटचे नटही सुटायचे. ते शेवटी सायकलच्या टायरला लावतात त्या सिमेंटनं चिकटवले. नळीचा शाफ्ट वजन वाचवायला घेतला होता आणि वजनाचा हिशेब भावांचा होता. भरीव शाफ्टही अखेर त्याच दुकानातून आले. टेलर १९५६ मध्ये वारला. त्याचा जन्मदिवस २४ मे हा आता अमेरिकेत विमान देखभाल करणाऱ्यांचा दिवस आहे. मेकॅनिक लोकांना त्याचं श्रेय कळलं, पुस्तक लिहिणाऱ्यांना नाही.

रंकाळा चौपाटी

मुद्द्यावर येतो. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात फ्लायरचं मॉडेल ठेवायचं असेल तर फलकावर जागा दोन ओळींची. काय लिहायचं? तळपदे नकोत म्हणताय, तर नसू देत. पण 'विमानाचा शोध राइट बंधूंनी लावला' एवढंच लिहायला हात धजत नाही.

पंचगंगा घाट

लिहा: 'माणसाला घेऊन, स्वतःच्या शक्तीनं, ताब्यात राहून उडालेलं पहिलं विमान. १७ डिसेंबर १९०३. रचना विल्बर आणि ऑर्व्हिल राइट.' तळपद्यांना वेगळा फलक द्या, 'भारतातले विमानाचे आरंभीचे प्रयत्न' म्हणून, आणि १५०० फूट हा आकडा त्यावर घालू नका.

उद्यमनगरी फिटर

'इंजिन चार्ल्स टेलर' एवढं जोडा. तीन शब्द. दुसऱ्या ओळीत बसतात.

कळंब्याचा वारा

बसतात. पण मग 'पंखे' पण लिहा.

शिरोली कास्टिंग

मॉडेलला माप लिहिणार असाल तर नीट लिहा. पसारा ४० फूट ४ इंच, पंखांचं क्षेत्र ५१० चौरस फूट, रिकामं वजन ६०५ पौंड. इंजिनचं वजन कुठं १४०, कुठं १८० सापडेल. पाणी, मॅग्नेटो (ठिणगी देणारं यंत्र) धरून की सोडून यावर तो फरक आहे, तेव्हा फलकावर 'सुमारे १८०, सामानासकट' घाला. आणि चेन काढताना एक चेन इंग्रजी आठच्या आकड्यासारखी उलटी टाका, दोन पंखे एकमेकांविरुद्ध फिरतात ते त्यामुळे. बहुतेक मॉडेलांत दोन्ही चेन सरळ असतात आणि परीक्षक तिथंच मार्क कापतो.